रंभाआजींची नाडी

संचिता नाडी धरायला शिकली ती एका रबरी बाहुलीवर. डोंबिवलीतल्या ज्या संस्थेत ती नर्सिंगचा कोर्स करत होती, तिथल्या एका खोलीत ही माणसाएवढी बाहुली पलंगावर झोपवलेली असायची. मुलींनी तिचं अंग पुसायचं, कूस बदलायची, तिला न उठवता तिच्या अंगाखालची चादर बदलायची. मनगट मात्र गप्प. शिकवणाऱ्या मेघना मॅडम सांगायच्या, "जागा नीट लक्षात ठेवा. अंगठ्याच्या बाजूला, हाडाच्या आत. तीन बोटं ठेवायची, दाबायची नाहीत. खरी नाडी वॉर्डात भेटेल."

आणि मग वॉर्ड आला. कळव्याच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डात मुलींची ड्यूटी लागली. संचिता कोपरहून यायची. तिच्या घरात पांढरा ॲप्रन घालणारी ती पहिलीच, त्यामुळे आई तो रोज इस्त्री करून खुंटीला लावून ठेवायची. वॉर्डाच्या मागच्या खिडक्या खाडीकडे उघडत. ओहोटी लागली की चिखलाचा खारट, कुजका वास आत यायचा आणि फिनाईलच्या वासात मिसळून दिवसभर तिथंच राहायचा. पहिले काही दिवस मुलींना जेवण जाईना. मग सवय झाली.

शेवटच्या खिडकीपाशी रंभाआजी होत्या. खाडीकाठच्या आगरी गावातल्या. तरुणपणी मिठागरात राबलेल्या, तळपाय अजून दगडासारखे. हृदय थकलं होतं, पाय सुजले होते, श्वास वर वर चालायचा. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, काळुरामला, समजावून सांगितलं होतं की आता मशीनवर घालून काही साधणार नाही, आणि त्यानं मान हलवली होती. मॅडमनी आजींची सगळी देखभाल संचिताकडे दिली. तोंड पुसणं, पाठीला पावडर लावणं, चमच्यानं पेज भरवणं. आणि नाडी.

ती नाडी वेगळीच होती. दोन ठोके, मग थांबा. थांबा एवढा लांब की बोटांखाली काहीच उरायचं नाही, संचिताचाच श्वास अडकायचा... आणि मग पुन्हा दोन ठोके, जसं कुणी दारापाशी येऊन हळूच वाजवावं. मॅडम म्हणाल्या, "थकलेलं हृदय असंच चालतं. तू घाबरू नको, मोजत राहा." संचिता मोजत राहिली. दोनचार दिवसांत ती चाल तिच्या अंगात इतकी भिनली की चहा ढवळतानासुद्धा चमचा दोनदा वाजायचा आणि थांबायचा.

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या गाड्या परत गेल्या होत्या. वॉर्ड सुस्तावला होता. पंखे फिरत होते, बाहेर ऊन रणरणत होतं. संचिताला सगळ्यांचा ताप आणि नाडी बघून यायला सांगितलं होतं. ती शेवटच्या खिडकीशी आली तेव्हा आजी जाग्या होत्या, आणि कुठंतरी तिच्या पलीकडे बघत होत्या.

"पाणी देऊ, आजी?"

"नको." मग सुजलेल्या बोटांनी त्यांनी संचिताचा हात चाचपला. "हात नको सोरू, पोरी. मना भ्या वाटतं."

"नाही सोडत."

"शेवटपरत?"

"हो आजी," संचिता म्हणाली. आजाऱ्याला आपण हो म्हणतो, तसं म्हणाली.

तिनं मनगटावर बोटं ठेवली आणि मोजायला लागली. मोजता मोजता तिच्या लक्षात आलं की आजींची छाती हलत नाहीये. तोंड थोडं उघडं राहिलंय, डोळे तसेच पलीकडे लागलेत. तिनं हाक मारली. सिस्टर आल्या, पडदा ओढला, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, डोळ्यांत टॉर्च मारली, ईसीजीची पट्टी काढली. पट्टीवर सरळ रेघ आली. त्यांनी घड्याळात बघितलं आणि वेळ सांगितली.

संचिता अजून हात धरून उभी होती. दोन ठोके, मग थांबा. दोन ठोके...

"सर," ती म्हणाली, "नाडी लागतेय."

डॉक्टर तरुण होते, चिडले नाहीत. त्यांनी दुसरं मनगट धरलं, गळ्याशी बोटं लावली, पुन्हा स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. "नाही गं," ते म्हणाले. "गेल्या त्या." आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

मेघना मॅडमनी संचिताच्याच हातातून ते मनगट घेतलं. तीच जागा, तीच तीन बोटं. डोळे मिटून थांबल्या. मग हलकेच मान हलवली. "पहिल्यांदा असं होतं. आपण घट्ट दाबतो, मग आपल्याच बोटांतला ठोका आपल्याला लागतो. तो तुझा आहे, संचिता."

हे खरं असतं, संचितालाही माहीत होतं. तिनं आजींचं मनगट परत घेतलं आणि दुसऱ्या हाताची बोटं खाली नेऊन स्वतःच्या नाडीवर टेकवली. तिची स्वतःची नाडी पळत होती, सशासारखी. आणि तिच्या बोटांखाली, थंड पडत चाललेल्या कातडीच्या आत, कुणीतरी निवांत दोनदा वाजवून थांबत होतं.

तिनं मैत्रिणीला, मायाला, खुणेनं बोलावलं. "बघ ना जरा. प्लीज."

मायानं बोटं ठेवली आणि लगेच उचलली, चटका बसल्यासारखी. "काही नाहीये," ती म्हणाली.

"नीट बघितलंस?"

"बोलले ना, काही नाहीये." आणि ती बेसिनपाशी जाऊन हात धुवायला लागली. खूप वेळ धूत राहिली.

पुढचं सगळं शिकवण्याचाच भाग होता. मॅडम मुलींना पडद्याआड घेऊन आल्या. म्हणाल्या, "हेही आपलंच काम आहे. जिवंत माणसाला देतो तेवढाच मान द्यायचा. पाणी कोमट घ्या." मुलींनी नळ्या काढल्या, अंग पुसलं, डोळे मिटवले, नाकात कापूस ठेवला. हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर बांधली. वॉर्डातल्या जुन्या मावशी, सखुबाई, पायाचे अंगठे एकत्र बांधत होत्या. कुणी बोलत नव्हतं. ओहोटीचा वास आज जास्तच आत येत होता.

"हात संचिता बांधेल," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या मते तिची भीती मोडायचा तोच रस्ता होता.

संचितानं दोन्ही हात छातीवर आणले. बँडेजचा पहिला वेढा घेतला. डावं मनगट तिच्या तळव्यात होतं. दोन ठोके, थांबा. दुसरा वेढा. दोन ठोके, थांबा. मग तिनं गाठ मारायला पट्टी ओढली आणि... थांबा आलाच नाही. ठोके एकामागून एक सुटले. भराभर, धडधडत, जसं दारावरची ती हळू थाप एकदम मुठीची व्हावी.

पट्टी तिच्या हातून निसटली.

"मॅडम," ती म्हणाली, "त्यांना कळतंय."

"काय कळतंय?"

"आपण बांधतोय ते."

सगळ्या मुली तिच्याकडे बघत होत्या. आजींच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पापण्या शांत, ओठ निळसर, कापूस जागच्या जागी. मॅडमनी तिला बाजूला केलं, स्वतः गाठ मारली, नीट, न घाई करता. मग तिच्या खांद्याला धरून पडद्याबाहेर नेलं, पाणी दिलं. "बस जरा," त्या म्हणाल्या. "यात लाज वाटण्यासारखं काही नाही." त्यांचा आवाज इतका मायेचा होता की संचिताला ओरडताही येईना. कोणी रागावलं असतं तर ती भांडली असती. पण सगळे तिच्याशी चांगलं वागत होते, आणि त्या चांगुलपणाच्या आत पडद्यामागं कुणीतरी जिवाच्या आकांतानं धडपडत होतं.

शववाहिनी आली. स्ट्रेचर बाहेर निघालं तसा संचितानं काळुरामला जिन्यापाशी गाठलं. त्याचे डोळे सुजलेले होते.

"दादा, थोडं थांबाल का? न्यायला घाई नका करू."

"का गं? काही कागद राहिलाय?"

तिनं तोंड उघडलं. काय सांगणार होती ती? तुमची आई गेलेली नाही? डॉक्टरांनी बघितलं, मशीननं बघितलं, मॅडमनी बघितलं. आणि ती कोण, तर कोर्सला आलेली पोरगी. समोरच्या माणसानं आत्ताच कुठं स्वतःला सावरलं होतं. तो ऐकेल, परत धावत डॉक्टरकडे जाईल, पुन्हा ईसीजीची पट्टी निघेल, पुन्हा सरळ रेघ येईल. आणि त्याची आई त्याच्यासाठी दुसऱ्यांदा मरेल.

"नाही," ती म्हणाली. "कागद सगळे झालेत."

"मग निघतो. गावात माणसं खोळंबलीत. दिवस मावळायच्या आत करायला पाहिजे."

चादरीच्या कडेखालून हात घालून तिनं एकदा शेवटचं मनगट धरलं. आतली धडपड थांबली होती. पुन्हा तीच संथ चाल आली होती. दोन ठोके, थांबा. वाट बघितल्यासारखी. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर पुढं ढकललं आणि तिची बोटं सुटली.

ती वर आली. मॅडमनी तिला आणि मायाला पलंग लावायला दिले, म्हणजे हात कामात राहतील. दोघींनी मिळून गाद्या पुसल्या, चादरी घातल्या, कोपरे दुमडले. संध्याकाळचा ताप बघितला. माया क्षणभरही तिच्यापासून लांब गेली नाही. खिडकीबाहेर उजेड पिवळा होत गेला, मग राखाडी. पाणी चढलं, वास गेला. खाडीपलीकडे कुठंतरी धुराची बारीक रेघ उभी राहिली. संचितानं खिडकी लावून घेतली. ड्यूटी संपल्यावर दोघी एकत्रच बाहेर पडल्या आणि संचिता घरी जाऊन, न जेवता, आईच्या कुशीत झोपली.

तिनं कोर्स सोडला नाही. सोडून सांगणार काय घरी? नवे पेशंट आले, नव्या नाड्या आल्या. कुणाची भरभर, कुणाची दमदार. हळूहळू तिलाही वाटायला लागलं की मॅडम म्हणाल्या तेच खरं असणार. थकवा, उन्हाळा, पहिलं मरण.

तेरावं झाल्यावर काळुराम काही कागद न्यायला हॉस्पिटलात आला. डोक्यावरचे केस नुकते उगवत होते. जाता जाता तो वॉर्डाच्या दारात थांबला आणि संचिताला बघून त्यानं हात जोडले.

"पोरी, तुझे उपकार फेडायचे कसे, सांग. सख्खं माणूस करणार नाही ते केलंस तू."

"मी काय केलं, दादा? ड्यूटीच होती ती."

"ड्यूटी इथली. पार घरापर्यंत कोण येतं?"

संचिताला कळलं नाही. "कोण आलेलं घरी?"

"तूच की. गाडीत आईच्या बाजूला बसलेलीस. मी पुढं होतो डायवरच्या शेजारी, मागं वळून बघितलं तर तू आईचा हात धरून, मान खाली घालून बसलेली. मला वाटलं हॉस्पिटलनं पाठवली असंल. घरी बायकांनी आंघोळ घातली तेव्हापण हात सोडला नाहीस. बहिणीनं चहा दिला, तो तसाच राहिला. आमच्यात बायका मसणात येत नाहीत, पण तू तिरडीबरोबर चालायला लागलीस, तर तुला कोण अडवणार?"

संचितानं मायाकडे बघितलं. माया हातातली चादर तशीच धरून उभी होती.

"दादा, मी नाही आले," संचिता म्हणाली. "मी इथंच होते. हिला विचारा. अंधार पडेपर्यंत आम्ही इथं पलंग लावत होतो."

तो हसला नाही. तिच्या ॲप्रनकडे बघितलं, मग तोंडाकडे, अगदी निरखून. "तूच होतीस," तो हळू म्हणाला. "तुला मी रोज बघत होतो ना गं. सरणावर ठेवलं तेव्हापण तू हात धरून बाजूलाच बसलेली. वरून लाकडं रचली पोरांनी, तरी हलली नाहीस. मग मी अग्नी दिला."

"आणि मग?" संचितानं विचारलं. "मग मी... ती कुठं गेली?"

काळुरामनं आठवून बघितलं. वॉर्डात पंखा फिरत होता.

"आता तू विचारतेस म्हणून," तो म्हणाला. "उठताना कुणी बघितली नाही."