बोकेरोनची तहान

ग्रंथालयाच्या भिंतीवर चाकोच्या युद्धाचा नकाशा होता, आणि एक उंच, अनोळखी मुलगा त्यातल्या बोलिव्हियाच्या टाचण्या हळूच आमच्या पॅराग्वेत सरकवत होता.

"काढ तो हात!" मी ओरडलेच. "युद्ध संपून पंचेचाळीस वर्षं झाली. आता जिंकणार आहेस का?"

तो दचकला, मग हसला... इतकी वर्षं लोटली, तरी ते हसू अजून तसंच आठवतं! "बोलिव्हियाचा आहे मी. बघतोय प्रयत्न करून."

एफ्राइन. आमच्या असुन्सिओनला शिकायला आलेला. दोघांनाही परीक्षेला तेच युद्ध — मग काय, रोज संध्याकाळी एकत्र अभ्यास.

माझ्या पुस्तकात खोडी बोलिव्हियानं काढलेली, त्याच्या पुस्तकात आम्ही.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "दोघंही आधीच्या युद्धांत हरलेले. आमचा समुद्र गेला, तुमची कितीतरी जमीन. उरलं काय, तर दोघांच्या मधलं हे चाकोचं वाळकं रान. त्यात कुणीतरी उठवलं, खाली तेल आहे..."

"होतं?"

"सुनिल्दा, उत्तर देऊ, की तुझ्या डोळ्यांत बघू?"

मी पुस्तकात तोंड खुपसलं. तीन वर्षं चाललेलं ते युद्ध संपूच नये, असं मला वाटायला लागलं होतं. इतकी निर्लज्ज झाले होते मी!

एकोणतीस सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे बोकेरोनच्या विजयाची सुट्टी. बोकेरोनच्या ठाण्यात बोलिव्हियाचे सैनिक वीस दिवस अडकले, पाणी संपलं, शेवटी शरण आले. बाहेर वेढा घालणाऱ्यांत माझे आजोबा होते. तोवर आम्ही लग्नाचं ठरवलं होतं, पण त्यांच्या होकाराशिवाय ते होणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी ते खुशीत असतात, म्हणून मी नेमकं त्याच दिवशी एफ्राइनला घरी नेलं. काय माझं शहाणपण!

आजोबांनी तेरेरेचा, म्हणजे आमच्या गार पाण्यातल्या चहाचा, पेला भरला. एकच पेला, एकच नळी, घरभर फिरणारी. त्यांनी तो पाहुण्यापुढे धरला.

एफ्राइननं हात पुढे केला नाही.

आमच्याकडे हा पेला नाकारणं म्हणजे घरच नाकारणं.

"माफ करा, आजोबा," तो चाचरत म्हणाला. "माझे आजोबा आत होते... त्या ठाण्यात. आज दिवस मावळेपर्यंत आमच्या घरी कुणी पाणी पीत नाही."

आजोबांनी पेला खाली ठेवला.

"आम्हाला ऐकू यायचं," ते म्हणाले. "आतून पाणी मागायचे ते..."

त्या उकाड्यात मग कुणीच प्यायलं नाही. सगळ्यांचे घसे सुकले. "हा जावई आहे की उपास?" आई माझ्या कानात कुजबुजली.

दिवस मावळला. आजोबांनी पहिला पेला एफ्राइनला दिला आणि त्यानं तो शेवटच्या थेंबापर्यंत ओढला. रिकामा पेला घेताना आजोबांनी त्याचा हात तसाच धरून ठेवला. त्यांना जाऊन आता तीस वर्षं होतील, पण त्यांचा तेव्हाचा आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो.

"पोरगी ने," ते म्हणाले. "चाको मागू नकोस."