निळ्या दोऱ्याची गाठ

रेडिओ जुन्या हार्नेसमध्ये पट्टे आवळून उड्डाणशाळेच्या हॉलच्या फरशीवर बसला होता आणि त्याला छताला जाऊन टेकायचं होतं. मुंगी आणि शेपूट दोघी दोराला लोंबकळल्या, तरी दोर तसूभरही हलेना.

"तू सकाळी किती खाल्लंस?" मुंगीने विचारलं.

"माझ्या खाण्यावर जाऊ नका. तुमच्या दंडात काही नाही."

रेडिओ हा मुंगीचा मामेभाऊ. एकदा सुरू झाला की त्याचं बटण कुणाला सापडत नसे, म्हणून रेडिओ. शेपूट ही त्याची नऊ वर्षांची बहीण. ती कधीच मागे राहत नसे आणि कधीच पुढेही जात नसे. मुंगी बारा वर्षांची. अंगाने लहानखुरी, पण हातात सतत काहीतरी उचललेलं असायचं. सुट्टीला मामेभावंडं आली की तिघं उठसूट मुंगीच्या घराजवळच्या उड्डाणशाळेत पळत. तिथे मुंगीची ताई पॅराग्लायडर चालवायला शिकत होती.

दोर का अडकला ते बघायला शेपूट गाद्यांच्या ढिगावर चढली.

"कप्पीवर मातीचा गोळा बसलाय," ती वरून म्हणाली. "त्याला भोकं आहेत."

ते कुंभारमाशीचं घर होतं. पार वाळलेलं, आतली पिल्लं केव्हाच उडून गेलेली. रेडिओने सुस्कारा सोडला आणि पट्टे सोडायला घेतले. मुंगी मात्र मान वर करून बघतच राहिली. ती कप्पी कशासाठी आहे ते तिला पक्कं माहीत होतं.

उडताना पॅराग्लायडरचा कापडी पंख मिटलाच, तर पायलटकडे शेवटचा उपाय असतो राखीव छत्रीचा. बसायच्या जागेखाली लाल पिशवीत ती घडी करून ठेवलेली असते; मूठ ओढायची आणि दूर फेकायची. पण कापड फार दिवस दाबून राहिलं की घड्या एकमेकींना चिकटतात. म्हणून दर सहा महिन्यांनी प्रत्येक छत्री उघडायची, या कप्पीवर दिवसभर टांगून तिला वारा द्यायचा, पुन्हा घडी घालायची आणि पिशवीच्या कार्डावर तारीख टाकून सही करायची. हे काम कित्येक वर्षं मुंगीचे बाबा करायचे. आजारपणात ते गेले, त्याला आता दोन वर्षं होत आली. तेव्हापासून ते काम त्यांच्या मित्राकडे आलं होतं. त्यांना सगळे घडीकाका म्हणत.

"कप्पी हललेलीच नाही," मुंगी म्हणाली. "मग छत्र्या टांगल्या कुठे?"

रेडिओने अर्धवट सुटलेले पट्टे ओढून काढले आणि तिघं मागच्या खोलीकडे पळाली.

मागच्या खोलीत फळीवर आठ लाल पिशव्या ओळीने ठेवल्या होत्या. नववी ताईच्या हार्नेसमध्ये, खुंटीवर. प्रत्येकीच्या कार्डावर गेल्या दीड वर्षातल्या तीन तारखा होत्या आणि तीन सह्या, वळणदार. मुंगी कार्डं सोडून पिशव्यांच्या तोंडाशी वाकली. तिथल्या पिनेला एक बारीक दोरा बांधलेला असतो. छत्री उघडली की तो तुटतो आणि पुढच्या घडीला नवा बांधतात. फळीवरच्या दोन पिशव्यांवर घडीकाकांचा पांढरा दोरा होता. बाकी सातांवर निळा, ताईच्याही.

निळा दोरा आईच्या शिवणयंत्राचा होता. बाबा रीळ उचलून आणायचे आणि आई संध्याकाळभर ते शोधायची. बाबा गेल्यावर रिळात वीतभर दोरा उरला होता. आईने नवं निळं रीळ नंतर कधी घेतलंच नाही.

"म्हणजे या गाठी आत्याच्या दोऱ्याच्या..." रेडिओ म्हणाला.

"बाबांनी मारलेल्या," मुंगी म्हणाली.

तिघं घडीकाकांकडे गेली. काका एरवी थट्टा केल्याशिवाय कुणाला दारातून जाऊ देत नसत. आज त्यांनी मान वर केली नाही. कार्डावर सही आहे ना, मग झालं तर, एवढंच ते म्हणाले आणि समोरच्या पंखाची आधीच घातलेली घडी मोडून पुन्हा घालू लागले. शाळेचे मुख्य प्रशिक्षक कॅप्टन तर घाईत होते. दुसऱ्या दिवशी वर्षातून एकदाच येणाऱ्या परीक्षक बाई येणार होत्या. कॅप्टननी चालता चालता कार्डं चाळली, सह्या मोजल्या आणि मुलांना सांगितलं की सुट्टीत पोहावं, झाडावर चढावं, मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये.

"सह्यांनी कुणी तरंगतं का?" रेडिओ बाहेर येऊन पुटपुटला.

उद्याची परीक्षा ताईची होती. वर्षभरापूर्वी ती पायथ्याच्या सपाटीवर पंख नुसता डोक्यावर उभा करायला शिकत होती. पंख तिला कुत्र्यासारखा ओढत न्यायचा आणि तिघं पोट धरून हसायची. मग उतारावरून दहा-बारा पावलांच्या उड्या, मग मधल्या कड्यावरून कानातल्या वायरलेसवर सूचना ऐकत घेतलेली उड्डाणं, मग तो बंद ठेवून घेतलेली. तिची नोंदवही भरत आली होती, लेखी पेपर झाला होता. आता वरच्या कड्यावरून एकच उड्डाण, परीक्षकांसमोर, आणि खाली आखलेल्या वर्तुळात उतरायचं. म्हणजे ती पायलट.

आई तिला अडवत नव्हती. पण एकदा पोळी लाटता लाटता ती म्हणाली होती, तुझ्या बाबांनी तरी हो म्हटलं असतं का, कोण जाणे. बाबांना ताईने विचारलं होतं; ते नुसते हसले होते, आणि मग आजारीच पडले.

संध्याकाळी ताई पायरीवर हेल्मेट पुसत बसली होती. मुंगीने कप्पीपासून दोऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. ताईचा हात थांबला.

"उद्या नाही झालं तर पुढच्या वर्षी," ती म्हणाली.

"हो."

"आणि कॅप्टन कार्डच पुढे करणार."

"तेही हो."

"मला जरा एकटीला बसू दे, मुंगी."

मुंगी उठून आत गेली. ताई काय करेल ते तिला कळेना. रेडिओ म्हणाला की ताई काही करो, आपण आपलं करायचं. त्या रात्री जेवणानंतर बेत शिजला, आणि त्यातलं सगळ्यात मोठं काम शेपटाकडे गेलं. तिच्यावर कुणी संशय घेणार नाही हे उघड होतं.

सकाळी परीक्षक बाई आल्या. पांढरे आखूड केस, उन्हाने रापलेला चेहरा, गळ्यात शिट्टी. त्यांनी हॉलमध्ये ताईचे कागद पाहिले आणि वर कड्याकडे निघायला उठल्या, तेवढ्यात शेपूट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, राखीव छत्री खरंच उघडते का? मी कधीच बघितली नाही."

बाईंना प्रश्न आवडला. खरं तर हे रोज कुणीतरी विचारायला हवं, असं त्या म्हणाल्या. त्यांनी कॅप्टनना एक छत्री मागितली. कॅप्टननी घडीकाकांना खूण केली. काका लगबगीने मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. पांढऱ्या दोऱ्याच्या दोन्ही पिशव्या फळीवर नव्हत्या. रेडिओ हॉलच्या कोपऱ्यात कधी नव्हे इतका शहाण्यासारखा बसला होता. त्याची बैठक मात्र नेहमीपेक्षा जरा उंच दिसत होती.

शेवटी काका हात हलवत परत आले. बाकीच्या सहा होत्या, पण त्यांतली एकही त्यांनी आणली नव्हती.

"माझी वापरा," ताई म्हणाली.

सगळे वळले. कॅप्टन घाईने म्हणाले की भलतंच काय, तुझी फेकली तर ती पुन्हा टांगून घडी घालायला दोन दिवस जातील, आज उडता येणार नाही.

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. ती चालत जाऊन हार्नेसमध्ये बसली. दाराजवळच्या बुटक्या हुकाला तिला टांगलं. बाईंनी हातात घड्याळ धरलं आणि मान हलवली. ताईने मूठ ओढली. निळा दोरा टचकन तुटला. तिने सगळा जोर लावून छत्री फेकली.

पुडकं हॉलच्या मधोमध पडलं. दोऱ्या सुटल्या. कापड मात्र गुंडाळलेल्या चादरीसारखं तसंच राहिलं. बाईंनी एक टोक धरून झटकलं, पुन्हा झटकलं. भिंतीकडच्या ओलीने घड्या चिकटल्या होत्या. त्या सुटायला बोटं लागली. कॅप्टन हातातल्या कार्डाकडे बघत होते, जणू ते आता काहीतरी समजावून सांगेल.

शेवटची घडी सुटली आणि त्यातून कागदाचा चतकोर खाली पडला. मुंगीने तो उचलला. तिला ते अक्षर लांबूनही ओळखता आलं असतं. बाबा प्रत्येक घडीत एक चिठ्ठी ठेवायचे. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला सोबत म्हणून.

वर दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. मुंगीने वाचलं, "वारा मंद. मुंगीची दाढ पडली, ती दाखवायला इथवर धावत आली. मोठी विचारते, मला उडायला शिकवाल का. हो म्हणणार आहे. जरा ताटकळत ठेवतो, म्हणजे गोडी वाढेल."

ताई हार्नेसमध्ये लोंबकळतच होती. तिने हात पुढे केला. चिठ्ठी घेतली आणि वाचली. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली.

घडीकाका भिंतीला टेकून खाली बसले. मुंगीला वाटलं होतं की ते आळशी असतील किंवा खोटारडे. काका म्हणाले, "तुझ्या बाबांच्या हातची घडी गं. कात्री घेऊन बसायचो आणि दोरा कापवायचा नाही. वाटायचं, त्याने घातलीय, तिला काय होणार आहे. मग सही करून टाकायचो."

"कापड कुणाचा हात ओळखत नाही," बाई म्हणाल्या. त्या रागावून बोलल्या नाहीत, म्हणून ते जास्तच लागलं. मग त्यांनी नऊच्या नऊ छत्र्या उघडायला लावल्या, शाळेची उड्डाणं तोवर बंद ठेवली आणि कॅप्टनना सांगितलं की यापुढे कार्ड नव्हे, पिशवी तपासायची. कॅप्टननी मुलांसमोर येऊन, टोपी हातात घेऊन, आपलं चुकलं असं सांगितलं. रेडिओने पिशव्यांवरून उठत ते मोठ्या मनाने मान्य केलं.

"आणि तू," बाई ताईला म्हणाल्या, "आजचं उड्डाण तू स्वतःहून सोडलंस. हा प्रश्न मी पेपरात घालू शकत नाही, पण तू तो सोडवलास. मी दोन दिवस थांबते."

कप्पी साफ झाली. हॉलमध्ये दोन दिवस चार-पाच पांढऱ्या छत्र्या एकत्र झुलत होत्या आणि घडीकाका एकेक उतरवून मुंगीला शिकवत होते: घडी अशी, दोऱ्या अशा, हाताने हवा अशी काढायची. ताईच्या छत्रीची घडी मुंगीने त्यांच्या नजरेखाली घातली, बाईंनी ती तपासली. काका पिन बांधायला दोरा शोधू लागले, तेव्हा दारात आई उभी होती. तिने पिशवीतून नवंकोरं निळं रीळ काढलं आणि काकांच्या हातात दिलं.

तिसऱ्या सकाळी ताई वरच्या कड्यावरून निघाली. पाच पावलं पळाली आणि सहावं हवेत पडलं. डावं वळण, उजवं वळण, आठचा आकडा. शेपूट शेवटपर्यंत डोळे मिटून होती आणि रेडिओ तिला सगळं सांगत होता. ताई वर्तुळाच्या मध्याला नाही, पण रेषेच्या चांगलीच आत उतरली. आईने तोपर्यंत मुंगीचा खांदा सोडला नव्हता.

बाईंनी नोंदवहीवर सही केली. सही करण्याआधी त्यांनी पिशवी तपासली, हे मुंगीने पाहिलं.

"पायलटबाई," आई ताईला म्हणाली, "आता घरी चला, भूक लागली असेल."

पंखाची घडी घालताना ताईने मुंगीला हळूच विचारलं, "छत्रीत चिठ्ठी ठेवलीस ना? काय लिहिलंस?"

"सहा महिन्यांनी उघडू," मुंगी म्हणाली, "तेव्हा वाच."