गादीवाल्याचं अर्धं मिनिट

स्कूटर पंक्चर झाली ती नेमकी गाद्यांच्या दुकानासमोर. पंक्चरवाला म्हणाला, "वेळ लागेल ताई, सावलीत बसा." आणि सावली तेवढी त्या दुकानातच होती. ती आत शिरली. दोन्ही बाजूंना छतापर्यंत गाद्यांच्या थप्प्या, मधे एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट, आणि नव्या कापसाचा कोरडा वास. "कोणी आहे का?" अशी तिने हाक मारली आणि ती जागच्या जागी थबकली. आवाज जरासुद्धा घुमला नव्हता. तोंडातून निघाला आणि तिथेच अलगद बसला. असली खोली तर ती कधीपासून गावभर शोधत होती. खात्री करायला तिने एक टाळी वाजवली, मग आणखी एक.

थप्पीमागून एक डोकं वर आलं. केसांत कापूस, दातांत दोरा.

"टाळ्या कसल्या?" दोरा काढून तो म्हणाला. "मी अजून काही केलंच नाही."

"तुमच्यासाठी नव्हत्या."

"मग गाद्यांसाठी? त्याही पडूनच असतात."

ती हसली. हसूही घुमलं नाही, हे तिने लगेच टिपलं. "मी गावासाठी रेडिओ काढतेय," ती म्हणाली. लोक विहीर काढतात किंवा दुकान काढतात, तितक्या सहज. परवाना हातात होता. पाण्याच्या टाकीवर, म्हणजे गावातल्या सगळ्यात उंच जागी, खांबही उभा राहिला होता. खालची जुनी पंपाची खोली मिळाली होती, पण तिथे शिंकलं तरी शिंक तीनदा परत यायची. "भिंतींना लावायला जुन्या गाद्या हव्यात. फुकट."

"भिंती झोपणार आहेत का?"

"त्यांनी मधे बोलू नये, एवढंच."

"आणि बोलणार कोण?"

"गाव. ज्याला वाटेल तो. पगार कोणालाच नाही, मलाही नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती मान खाली घालणाऱ्यांतली नव्हती, त्यामुळे शेवटी त्यालाच घालावी लागली. तेवढ्यात हातातली सुई त्याच्या बोटात शिरली.

"देतो गाद्या," बोट तोंडात धरून तो म्हणाला. "पण एक अट आहे. त्यांच्यासमोर बसून कोणी रटाळ बोलायचं नाही. लोकांना झोप लावायला आमचं दुकान आहे."

गाद्या भिंतीला ठोकायला तो स्वतः आला, आणि मग येतच राहिला. बघता बघता रेडिओ सुरू झाला आणि गाव तिला रेडिओबाई म्हणू लागलं. माईकसमोर भल्याभल्यांची दातखीळ बसायची. बाजारात चार माणसांना गप्प करणारी नर्स तिथे स्वतःचं नाव विसरली, तर निवृत्त पोस्टमास्तरांनी घसा खाकरण्यातच पहिला कार्यक्रम उरकला. रेडिओबाईकडे मात्र त्यावर हमखास उपाय होता. "माईककडे बघू नका," ती सांगायची. "माझ्याकडे बघा. मला सांगा, गावाला नको."

गादीवाल्यालाही तिने हेच सांगितलं. तो तिच्याकडे बघून इतकं छान बोलला की तीच प्रश्न विसरली.

"पण रोज तू कुठे समोर बसणार?" हेडफोन काढत त्याने विचारलं. "तू नसलीस तर?"

"तर मला आठवून बोलायचं."

"जमेल," तो म्हणाला. एवढ्या चटकन म्हणाला की तिच्या कानशिलांना ऊब आली.

त्याला सकाळचा पहिला कार्यक्रम मिळाला. नाव 'आता उठा'. जन्मभर लोकांना झोपवण्याचा धंदा करणारा माणूस गावाला उठवायला बसला आणि गाव हसत हसत उठायला लागलं. त्याच्यामागून तिचा कार्यक्रम असे, श्रोत्यांच्या तक्रारींचा. नळापासून जावयापर्यंत काहीही चालायचं.

रेडिओचे नियम तिनेच केले होते. एकदा नर्सला दवाखान्यातून निघता आलं नाही आणि रेडिओ मुका राहिला. दुसऱ्या दिवशी भाजीवालीने विचारलं, "बाई, मिटला का तुमचा रेडिओ?" ते तिला फार लागलं. तेव्हापासून पुढचा माणूस आल्याशिवाय आधीच्याने खुर्ची सोडायची नाही असं ठरलं. शिवाय प्रत्येकाने एक कार्यक्रम आधीच रेकॉर्ड करून ठेवायचा. त्याला सगळे बेगमी म्हणत. ज्याला येता आलं नाही, त्याची बेगमी लावायची. आणि एक नियम तिने पहिल्याच सभेत सांगून टाळ्या घेतल्या होत्या. इथे सगळे आपल्या खुशीने येतात, तेव्हा जाणाऱ्याला कोणी थांब म्हणायचं नाही.

खुर्चीच्या नियमामुळे रोज सकाळी तो उठायचा, ती बसायची, आणि मधे अर्धं मिनिट दोघं एकाच माईकवर असायची.

"गाव उठलं का, गादीवाले?"

"सगळं उठलं, बाई. टाकीजवळच्या एका घरातून तेवढं घोरणं ऐकू येतंय."

"ती आमची आत्या."

"मग झोपू द्या. गादी आमच्या दुकानातली आहे, पैसे वसूल होतायत."

ती लहानपणापासून या आत्याकडेच वाढली होती. आत्या रेडिओवर येणारे फोन घ्यायची. "तुमच्या त्या अर्ध्या मिनिटापायी शेजारणीचं दूध रोज उतू जातं," ती एकदा म्हणाली. "लोक काय ऐकतात ते लोकांना कळतं. तुम्हाला दोघांना कधी कळणार?"

कळलं होतं. निदान तिला तरी. पण आज आहे ते उद्याही आहेच, अशा भरवशावर ती निवांत होती.

आणि एका सकाळी, गाणं लावून झाल्यावर, तो खुर्चीतून उठलाच नाही.

"दादा दुसऱ्या गावी दुकान टाकतोय," तो म्हणाला. "ते मी सांभाळावं म्हणतोय. रविवारी त्याला सांगायचंय... हो की नाही."

'थांब' म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं. तोंडातून मात्र निघालं, "बरं. जाण्याआधी बेगमी नवी करून ठेव."

"एवढंच?"

"नियम आहे ना."

"हो," तो म्हणाला. "तूच केलेला."

त्या दिवशी ते अर्धं मिनिट तसंच कोरडं गेलं. शेजारणीचं दूध म्हणे शाबूत राहिलं.

शनिवारी ती सरळ त्याच्या दुकानात गेली. सांगून टाकायचं ठरवूनच गेली होती. गल्ल्यावर दादा होता. आत तो उशी भरत होता, पहिल्या दिवसासारखाच केसांत कापूस घेऊन. त्याने मान वर केली आणि वाट बघितली. साऱ्या गावाला बोलतं करणाऱ्या बाईची त्या खोलीत बोबडी वळली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

"काय देऊ?" शेवटी त्यानेच विचारलं.

"उशा," ती म्हणाली. "दोन."

घरी आत्याने एकवार तिच्याकडे आणि एकवार उशांकडे बघितलं. "बोललीस?"

"दोन उशा आणल्या."

"दिसतायत. त्यातल्या एकीवर डोकं आपटून घे." मग आत्या जवळ बसली. "अगं, माईकपुढे बसलीस की पाणीपुरवठ्याच्या साहेबालाही घाम फोडतेस. मग तिथेच बोल की. आणि हो, सगळ्यांच्या मागे लागून बेगमी करून घेतलीस. तुझी कुठाय?"

ती नव्हतीच. मी कधी चुकणारच नाही, मग मला कशाला, असा तिचा तोरा होता. तिने आत्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू तेच हसू उमटलं, जे परवाना मिळाला त्या दिवशी होतं. दुपारी पंपाची खोली रिकामी असते. ती तिथे गेली आणि एका दमात बोलून मोकळी झाली.

रविवारी 'आता उठा' संपत आलं तरी ती खुर्चीपाशी आली नाही. ती बाहेर टाकीच्या जिन्यात बसली होती, आत्याचा छोटा रेडिओ दोघींच्या मधे ठेवून. "येतायत बाई, येतायत," आत तो गावाला सांगत होता. एक गाणं झालं, दुसरं झालं. मग नियमाप्रमाणे त्याने तिची बेगमी लावली.

"नमस्कार," रेडिओतून तिचाच आवाज आला. "आज मी खुर्चीत नाही. तिथे जो बसलाय त्याने उठायचं नाही, नियम आहे. जाणाऱ्याला थांब म्हणायचं नाही, हाही नियम आहे, आणि तो मीच केलाय. तेव्हा रेडिओबाई काही म्हणणार नाही. पण मी श्रोतासुद्धा आहे, आणि श्रोत्याला तक्रारीची मुभा आहे. तर माझी तक्रार अशी, की रोज मला उठवणारा आवाज दुसऱ्या गावाला उठवायला निघालाय. त्या गावाशी माझं भांडण नाही. त्यांनी आपला दुसरा शोधावा. मला हा आवडतो. आवाज आवडतो, आणि माईक बंद केल्यावर जो माणूस उरतो तो त्याहून जास्त आवडतो. त्याला जायचं असेल तर त्याने खुशाल जावं. भिंतीवरच्या गाद्या परत मिळणार नाहीत. पण जाण्याआधी त्याला हे ठाऊक असावं. तक्रार संपली. आता गाणं ऐका."

गाणं झालं. दारावरचा लाल दिवा लागला, म्हणजे माईक सुरू झाला होता. पण रेडिओतून काहीच येईना. बाई जिन्यात आत्याचा हात घट्ट धरून बसलेली.

"माझा दादा विचारत होता," अखेर तो बोलला, "की तुझं इथे असं काय अडकलंय? दुकान तर तिथेही आपलंच. मला सांगता येईना... दादा, ऐकतोयस ना? माझं इथे अर्धं मिनिट अडकलंय. माझा कार्यक्रम संपला की ते सुरू होतं. त्याच्याआधी मी जे काही बोलतो ना, ते फक्त तिथवर पोचायला." माईक जवळ ओढल्याची खरखर ऐकू आली. "बाई म्हणाल्या होत्या, मी नसले तर आठवून बोला. आजवर तसंच बोललो. आता समोर बघून बोलायचंय. मला खुर्ची सोडता येत नाही, तर त्यांनीच यावं."

लाल दिवा लागलेला असताना ते दार आजवर कोणी उघडलं नव्हतं. तिने उघडलं. बिजागरीची करकर गावभर गेली.

तो केसांत कापूस घेऊनच बसला होता. ती माईकपाशी आली.

"गाव उठलं का, गादीवाले?"

"गाव कधीच उठलंय, बाई," तो म्हणाला. "मलाच उशीर झाला."

त्याने माईकच्या पलीकडून हात पुढे केला, तिने तो धरला. तेवढ्यात आत्याने फोन जोडून दिला.

"गादीवाल्याचा दादा बोलतोय," गावाने ऐकलं. "नव्या दुकानासाठी माणूस मी बघतो. तक्रार वेगळीच आहे. काल बाई दोन उशा घेऊन गेल्या, मला वाटलं पाहुणे आलेत. आता कळलं. तेव्हा त्यांना म्हणावं, गादी दुसरीकडून घेऊ नका. ती घरची येईल."

रेडिओबाई आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर लाजली. बरं झालं, ते गावाला दिसलं नाही.

बाहेर पोस्टमास्तर आपल्या कार्यक्रमासाठी घसा खाकरत उभे होते. आत डोकावून ते म्हणाले, "माझी वेळ झाली, पण खुर्ची काही सुटायचं लक्षण दिसत नाही."

आत्याने त्यांना हाताला धरून जिन्यात बसवलं. "बसा जरा," ती म्हणाली. "आज त्यांचं अर्धं मिनिट लांबणार आहे."