त्याचे हात खिशातच

बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकं कीबोर्ड ओढून घेतात, "मीच टाइप करतो" म्हणतात. हा तरुण मात्र हात खिशात घालून उभा!

"तुम्हीच करा... मी सांगतो," तो म्हणाला. "'प्रोग्रामरला सोडा.' मोठ्या अक्षरात. पन्नास पोस्टर."

"कोण हा प्रोग्रामर?"

"आहे एक. विकत घेतलेलं ई-पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम लिहिला त्यानं. पुस्तकाला डिजिटल कुलूप होतं, ते उघडलं. प्रकाशकानं तक्रार केली, कॉपीराइटचा खटला उभा राहिला."

"पण उघडलं कशाला?"

"त्याच्या आईला दिसत नाही."

मी पोस्टर टाइप केलं, पण माझे प्रश्न संपले नव्हते. मी चौकस आहे. बाबा भोचक म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मुद्दाम माउस पुढे सरकवला. "ती ओळ जरा वर घ्या ना."

चटका बसल्यासारखा तो मागे सरला.

"कॉम्प्युटरला घाबरता की मला?"

"तुम्हाला थोडं..." तो हसला. मग हळूच म्हणाला, "जामिनाची अट आहे. निकालापर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही."

अगं बाई! म्हणजे प्रोग्रामर हाच!

"तुरुंगात टाकतील?"

"तीन वर्षं... टाकूही शकतात. सोमवारी तारीख आहे."

त्याचं हसू मला कालपासून आवडायला लागलं होतं, आणि हा तीन वर्षांच्या गोष्टी करतोय!

मी एक पोस्टर दुकानाच्या दारावर चिकटवलं. "कोण हो हा?" विचारत लोक आत यायचे, मी सगळं सांगायचे, जाताना एकेक पोस्टर घेऊन जायचे. शाळेतल्या बाई, जाड भिंगांचे आजोबा, चक्क एक वकीलबाई. सोमवारी कोर्टासमोरचा रस्ता माणसांनी भरला. लोकांनी प्रकाशकाला असं फैलावर घेतलं की त्यानं तक्रारच मागे घेतली. दुपारी खटला रद्द झाला.

संध्याकाळी तो दुकानात हजर. हात अजून खिशातच.

"काढा की आता!"

"सवयच गेली हो..."

मी उठून त्याला माझी खुर्ची दिली. "बसा. आज मी सांगते, तुम्ही टाइप करा."

त्यानं खिशातून हात काढून कीबोर्डवर ठेवले. "सांगा..."

"लिहा — दुकानवालीला प्रोग्रामर आवडतो."

टकटक मधेच थांबली. त्याचे कान लालबुंद झाले. मागे बाबा उगाचच खोकले.

"किती प्रती?" त्यानं कसंबसं विचारलं.

"एकच. पेनड्राइव्हवर घरी न्या. तुमच्या आईंना तो प्रोग्राम वाचून दाखवेल."

त्यानं ओळ पूर्ण केली, पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "हे मी स्वतः वाचून दाखवणार... तुम्ही येता सोबत?"