पाचवे सरकार

ही गोष्ट खरी आहे. रचायचीच असती, तर स्वतःच्या आजोळची अब्रू मी चव्हाट्यावर कशाला मांडली असती?

आणि ती रात्रीची नाही. भर दुपारची आहे. जागा, नगरभवनातला वरचा हॉल.

माझे मामा दातांचे डॉक्टर. घराण्यात ‘सरकार’ हा किताब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. जमिनी गेल्या, मोठं घर विकलं, मामांच्या दवाखान्याएवढा त्याचा कोपरा आणि किताब तेवढा उरला. मामा हसून म्हणायचे, “बडा घर, पोकळ वासा. दाढ काढताना पेशंट सरकारलाही शिव्याच घालतो.”

आजोबा गेले आणि किताब मामांकडे आला. त्याचा छोटासा समारंभ असतो. म्हातारा शिपाई पहिल्या सरकारांपासून एकेकाला पुकारतो. गेलेल्यांच्या नावाला सगळे गप्प राहतात. शेवटी नव्या सरकारांनी म्हणायचं, “हजर.”

“चौथे सरकार...”

शांतता.

“पाचवे सरकार...”

हे मामांचे आजोबा.

“हजर.”

लहान मुलाचा आवाज. वरच्या गॅलरीतून...

कुणीतरी हसलं. पोराचा चावटपणा वाटला असेल.

पण गॅलरीला कुलूप होतं. आणि हॉलमध्ये एकही लहान मूल नव्हतं.

शिपाई थांबला. त्याने मामांकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या आत्याने मामांचा हात घट्ट धरला.

“पुढे चला म्हण,” ती पुटपुटली. “ऐकलंच नाही असं दाखव.”

मामांनी मान हलवली. पुकारा पुढे सरकला. आपली पाळी आली तेव्हा मामांनी मुद्दाम मोठ्याने “हजर” म्हटलं.

त्या मोठ्या आवाजाची त्यांना आजही लाज वाटते.

घरी आल्यावर त्यांनी आत्याला खोदून विचारलं.

“माझ्या वडिलांना थोरला भाऊ होता,” आत्या म्हणाली. “त्याला फिट यायची. चारचौघांत शोभा नको, म्हणून तो वारला असं उठवलं. सगळे खोटं खोटं रडले. आणि त्याला ठेवला मागच्या खोलीत.”

“कोणत्या?”

“तुझ्या दवाखान्यामागची. तेव्हा तिथे घोड्यांचं सामान असायचं.”

“किती वर्षं होता तिथे?”

आत्याने पदराशी चाळा केला.

“मोठा झाला नाही तो.”

“तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?”

“सगळ्यांना. म्हणून तर कुणी कुणाला विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी मामा पेशंट तसेच बसवून मागे गेले. त्या खोलीत ते दातांचे प्लास्टरचे साचे ठेवायचे. फळ्यांवर ओळीने जबडेच जबडे. इतकी वर्षं त्यांनी तिथे अडगळ टाकली होती.

त्यांनी बूट बाहेर काढले. आत गेले. घसा खाकरला.

“सरकार...”

काहीच नाही.

“पाचवे सरकार...”

आवाज नाही. हालचाल नाही. रस्त्यावरचा गलकाही आत येत नव्हता...

मामा म्हणतात, भीती वाटतच नव्हती. उत्तर आलं असतं तर जीव भांड्यात पडला असता.

ते जायला वळले.

आणि फळ्यांच्या मागून...

“कोण आहे?”

तोच आवाज. शांत. दारावर आलेल्या पाहुण्याला विचारावं तसा.

मामांनी तोंड उघडलं. सरकार म्हणावं, तर तो किताब त्याचा. तुमच्या धाकट्या भावाचा नातू म्हणावं, तर कोणत्या तोंडाने? त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं आणि बूट हातात घेऊन तसेच दवाखान्यात चालत आले.

त्यानंतर मामांना कुणी सरकार म्हटलं की ते खाली बघतात. घरात हा विषय निघत नाही. आत्या तर मामांच्या समोर यायचंच टाळते.

परवा मी दवाखान्यात बसलो होतो. कंपाउंडर नवा, त्याला यातलं काही ठाऊक नाही. एक साचा हवा होता म्हणून तो मागे गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला.

“डॉक्टर, आतून ‘कोण आहे?’ म्हणून विचारतायत,” तो म्हणाला. “काय सांगू?”

मामा पेशंटच्या तोंडावर वाकलेले होते. ते तसेच वाकून राहिले...

कंपाउंडर दारात उभा होता.