एक घोट मेजरसाठी

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी मेजरच्या बुटावर थुंकले.

हसू नका! वाइन चाखणं हे माझं काम, आणि चाखणारा कधी गिळत नाही. घोट जिभेवर घोळवायचा, नाकाने ऐकायचा आणि टाकून द्यायचा. तळघरात पिंपांपाशी मी तेच करत होते. नेम धरला बादलीवर, मध्ये आला एक बूट. इतका चकचकीत, की त्यात मला माझाच घाबरलेला चेहरा दिसला.

"माफ करा हं..."

"छे छे! गोळ्या चुकवल्यात मी... हे तेवढं नाही जमलं."

सैन्य सोडून त्याने वडिलांच्या उतारावर द्राक्षवेली लावल्या होत्या, आणि आता वाइन करणं शिकायला तो माझ्याकडे आला होता. शिकवणी पहिल्याच दिवशी फसली. गडी थुंकेचना! दर पिंपाचा घोट थेट पोटात. शेवटच्या पिंपाला तर त्याने कडक सॅल्यूट ठोकला.

"अहो मेजर, थुंका की!"

"नाही जमत, मॅडम. वर डोंगरात आम्ही बर्फ वितळवून पाणी प्यायचो. तोंडात आलेलं बाहेर टाकणं जिवावर येतं."

मी माझा घोट बादलीत टाकला. त्याने ते बघितलं.

"तुम्ही कधीच गिळली नाही?"

"कधीच नाही."

"आवडली तरी?"

"आवडली तरी."

"आणि... फारच आवडली तर?"

विचारत होता वाइनबद्दलच. पण कान माझे तापले.

त्याच्या मळ्यात वेली परेडला उभ्या असल्यासारख्या, एक पान रांगेबाहेर नाही. पण जमीन भावाबहिणीची, आणि ताईचा धीर सुटला होता. "हा शेवटचा हंगाम. जमलं नाही तर विकून मोकळे होऊ, तू नोकरी धर," तिने निक्षून सांगितलं होतं.

तोडणीचा दिवस मेजरने आधीच ठरवून टाकला होता. बाया टोपल्या घेऊन हजर, आभाळ काळवंडलेलं. मी एक मणी तोंडात टाकला, बी चावली. हिरवट, तुरट.

"आज नाही."

"ढग बघितलेत? एक सर आली तर मणी फुटतील. सगळं संपेल."

"बी दाताखाली करकरली पाहिजे. आज तोडलीत तर वाइन होईल, पण तुमची होणार नाही."

"ही बाई बुडवणार तुला!" ताई कडाडली.

मेजर माझ्याकडे बघत राहिला... बघतच राहिला.

"हुकूम आहे?"

"हुकूम नाही — शब्द आहे."

"मग थांबतो."

तेवढ्यात बायांनी गाणं जुळवलंसुद्धा —

बांधावर गं शिपाई, नजर त्याची हटेना,
रस मण्यात भरला, बोल ओठी गं फुटेना!

मेजर कानापर्यंत लाल. ढगही बहुधा हसले असावेत, कारण न बरसताच पुढे निघून गेले. बी करकरली तेव्हाच तोडणी झाली.

वाइन मुरली आणि व्यापारी आले. एकेकाने घोट घेतला, बादलीत टाकला. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. ताई बोटं मोडत बसलेली, मेजर सावधानमध्ये उभा.

शेवटचा पेला माझा. त्या घोटात उन्हाने तापलेला उतार होता, आणि एका माणसाने माझ्या शब्दाखातर पाहिलेली सगळी वाट होती. बादली समोरच होती. मी मेजरकडे पाहिलं — आणि गिळला.

"अगं, गिळलीस?" ताई किंचाळली. "म्हणजे चांगली आहे?"

"वाइन चांगली आहे, ताई," मी म्हटलं. "...आणि भाऊही."

हशा उसळला. पेले पुन्हा भरले, आणि या खेपेस बादलीकडे कोणी वळलंसुद्धा नाही.

"सगळा माल माझा!"

"सगळा कसा? आम्ही काय बघत बसायचं?"

त्या गलक्यात मेजर हळूच म्हणाला, "मॅडम, आता तरी 'विश्राम' म्हणा. कधीचा ताठ उभा आहे..."

"विश्राम," मी म्हणाले. मग कुठे त्याने माझा हात धरला.

मेजर आता नाही. तळघराच्या दाराशी त्याचे बूट आहेत. एक आरशासारखा, दुसऱ्यावर माझा डाग, जो त्याने जन्मभर कोणाला पुसू दिला नाही.

आज लेकीने स्वतः केलेली पहिली वाइन माझ्यापुढे ठेवली. बादलीही ठेवली. मग ताठ उभी राहिली, थेट बापासारखी.

मी बादली पायाने दूर सारली. सावकाश, डोळे मिटून घोट घेतला.

"विश्राम, पोरी," मी म्हणाले. "विश्राम!"