एकशे तीसच्या पुढे

रेस ट्रॅकवरच्या गॅरेजात तिने दादाची गाडी सुरू केली आणि लगेच अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन असं काही गरजलं, की शेजारच्या गाडीचं चाक तपासणारा माणूस ताडकन उठला.

"अहो, थांबा! झोपेतून उठल्या उठल्या कुणी तुम्हाला पळवलं तर चालेल का?"

तो प्राण्यांचा डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी गाडी पळवायला यायचा. गॅरेजात सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. बोलताना त्याचे डोळे आधी हसायचे.

"गरम झालंय की इंजिन," तिने काटा दाखवला.

"हा पाण्याचा. पाणी पटकन तापतं. तेल मागून येतं, सावकाश… माझ्यासारखं."

"मग तुम्ही मागेच राहाल."

"तुमच्या मागे? …चालेल की."

तिने मान वळवली, पण हसू काही लपलं नाही. खिडकीशी वाकून त्याने तेलाचा काटा दाखवला. "पहिली फेरी हळू. मग पळवा मनसोक्त. फक्त हा एकशे तीस अंशांवर आला, की पाय काढायचा. वरचा गिअर टाकायचा आणि एक फेरी शांतपणे मारायची. फार तापलं की तेल पातळ होतं, मग इंजिनाचे भाग एकमेकांना खातात."

"आणि नाही काढला पाय, तर?"

"तर… मला काळजी वाटेल," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

ट्रॅकवर तो तिच्या पुढे होता. त्याला गाठायचं, एवढंच तिच्या डोक्यात. काटा एकशे तीसवर आला. एवढं एक वळण… एकशे अडतीस. तिने त्याला मागे टाकलं, तेव्हा त्याने मागून दोनतीनदा दिवे चमकवले. तिला वाटलं, कौतुक करतोय! पुढच्याच वळणावर तेलाचा लाल दिवा लागला, आतून खडखडाट झाला आणि धुराने काच भरली.

गाडी ओढून आणली, तेव्हा दादा धावत आला. त्या गाडीत त्याचा जीव अडकलेला. भोवती माणसं जमली.

"ठमे, काटा बघत नव्हतीस का गं?"

हेल्मेट काढत डॉक्टर येताना दिसला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "यांनी… यांनीच सांगितलं, एवढं चालतं म्हणून."

डॉक्टरने तिच्याकडे एकदाच पाहिलं.

"हो," तो दादाला म्हणाला. "माझं चुकलं."

दादाने चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली. तो खाली मान घालून ऐकत राहिला.

ती बाथरूममध्ये जाऊन नळाखाली हात धरून उभी राहिली. आरशात बघवेना. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं… ते मुकाट 'हो' तिला आतून पोखरत होतं. लहानपणी कप फोडला, तरी ती धावत जाऊन सांगायची. मग आज काय झालं होतं तिला?

ती बाहेर आली. कँटीनच्या टेबलावर दादा सगळ्यांना डॉक्टरचा पराक्रम सांगत होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"दादा, मी खोटं बोलले. त्यांनी मला बजावलं होतं. मागून दिवे दाखवून सावधही केलं. मलाच… पुढे जायचं होतं."

दादाने हातातला चहा खाली ठेवला.

"गाडीचं जाऊ दे गं," तो हळूच म्हणाला. "मी त्या माणसाला काय काय बोललो…" आणि तो तडक उठून डॉक्टरची माफी मागायला गेला.

दादा परतल्यावर ती गेली. डॉक्टर आपलं सामान गाडीत भरत होता.

"तुम्ही 'हो' का म्हणालात?"

"तुमचे ओठ थरथरत होते. बघवलं नाही."

"मला तर तुमच्याकडे बघायचीही लाज वाटतेय."

"वाटू दे थोडी," तो म्हणाला. डोळे हसत नव्हते. "राग आलाय मला. मनापासून. आवडलेल्या माणसाने असं केलं की फार लागतं."

तिने चमकून वर पाहिलं. "आवडलेल्या…?"

त्याने डिकीतली पेटी जरा बाजूला सरकवली.

"बसा इथे."

"आणि राग?"

"तो आहेच. जाईपर्यंत बसा."

ती बसली. अंग चोरून, अगदी कडेला. थोड्या वेळाने तोही शेजारी टेकला. दादाने लांबून हाक मारली, "ठमे, निघायचं ना?"

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."